माळाचं गवत, नंबर नाईन आणि बी-२७५ : प्रकल्प नोंदी २०२४-२५

१८ मे २०२४

यंत्र घरी आलं. पुण्याच्या एका भंगार दुकानातून टेम्पोत घालून आणलं. वजन ३१० किलो, भाव भंगाराचाच, किलोला ४० रुपये. उतरवायला गल्लीतले सहा जण लागले आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "वयनी, हे हाय तरी काय?"

हे गवत कापायचं यंत्र आहे. मॅककॉर्मिक-डीअरिंग नंबर नाईन. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बनवलेलं, दोन घोड्यांनी ओढायचं. याला इंजिन नाही. दोन लोखंडी चाकं जमिनीवर फिरतात, त्यांच्या फिरण्यावर पेटीतली दातेरी चाकं फिरतात, त्यातून एक लाकडी दांडी मागंपुढं होते आणि ती दांडी उजव्या अंगाला जमिनीलगत पडलेल्या पाच फुटी पट्टीतलं पातं झरझर हलवते. न्हाव्याच्या केस कापायच्या मशीनसारखं.

कशासाठी आणलं ते आजच लिहून ठेवते. आमचा अडीच एकर माळ आहे, खटाव तालुक्यात, औंधपासून फार लांब नाही. पश्चिमेच्या एकरात मारवेल, मधल्या एकरात पवन्या आणि शेडा, पूर्वेच्या उताराच्या अर्ध्या एकरात कुसळी आणि दगड. गवत फुलोऱ्यात येतं सप्टेंबरच्या अखेरीस. नेमकी तेव्हाच बाजरी कापणीला येते, घेवडा आणि सोयाबीन काढायला येतं, आणि गावात रोजावर एक बाई मिळत नाही. मग गवत थांबतं. दसरा जातो, दिवाळी जाते, आणि नोव्हेंबरात आम्ही कापतो ती पिवळी काडी. पानं झडलेली, बी गळलेलं. जनावराचं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. लग्न होऊन आले त्याला एकोणीस वर्षं झाली, दर वर्षी हेच बघते आहे. फुलोऱ्यावर, दोन-तीन माणसांत, चार-पाच दिवसांत माळ कापून वाळवता येतो का, एवढंच मला बघायचं आहे.

आबांनी (माझे सासरे) यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या, पेटीवर ओतलेली अक्षरं बोटानं चाचपली आणि म्हणाले, "पोरी, हा आपल्या ट्रॅक्टरचा भाऊबंद हाय." खरंच आहे. आमचा ट्रॅक्टर बी-२७५. मूळ मॉडेल इंटरनॅशनल हार्वेस्टरच्याच इंग्लंडातल्या डॉनकास्टरच्या कारखान्याचं. १९६३ साली महिंद्रानं त्या कंपनीशी भागीदारी केली आणि मग हा ट्रॅक्टर इकडे बनू लागला. आमचा आबांनी १९८१ मध्ये जुना घेतला. दोन्ही घरची माणसं आता एका छपराखाली आली.

२६ मे

पेटीचं झाकण उघडलं. काळजात धाकधूक होती, पण आत तेल होतं! काळं, घट्ट, गुळाच्या पाकासारखं, पण होतं. या मॉडेलची दातेरी चाकं बंद पेटीत तेलात बुडून फिरतात, म्हणूनच इतकी वर्षं उघड्यावर पडूनही दात शाबूत राहिले. डिझेलनं धुतली, नख फिरवून बघितलं, एकाही दाताला खांडोळी नाही.

बाकीची यादी लांब आहे. लाकडी दांडी गायब. जू जोडायचा सोट गायब. लांब पात्यावर जडवलेल्या वीस छोट्या पात्यांपैकी सात तुटलेल्या, उरलेल्या झिजून बोटभर राहिलेल्या. पातं ज्यांच्यामधून पळतं ती लोखंडी बोटंही वीस, त्यातली चार वाकलेली. डाव्या चाकाच्या तुंब्यातले खटके गंजून चिकटलेत. हे खटके चाक पुढं गेलं की दात पकडतात आणि मागं घेतलं की 'कट कट' करत सुटतात, सायकलच्या फ्रीव्हीलसारखे. डिझेलमध्ये भिजत घातलेत.

१ जून

खटके सुटले. आवाज ऐकायला आई (माझ्या सासूबाई) चुलीपुढून उठून आल्या.

३० जून

दांडीवर दोन आठवडे गेले. ही दांडी साडेतीन फुटांची, एका टोकाला फिरतं चाक आणि दुसऱ्या टोकाला पात्याची मूठ. चाकाची गोल गती पात्याच्या सरळ धावेत बदलायची ती हिनंच. मूळची हिकरी नावाच्या अमेरिकन लाकडाची असायची. मी आधी लोखंडी पट्टीची करून घेणार होते. सुतारमामांनी अडवलं. "लोखंडाची केलीस तर दगड लागल्यावर दांडी ऱ्हाईल आणि पेटी फुटंल. लाकूड मोडू दे. लाकूड परत मिळतंय." बनवणाऱ्यांनी लाकूड का वापरलं त्याचं इतकं नेमकं उत्तर मला कुठं मिळालं नसतं.

बाभळीची केली. चार वर्षं वाळलेली, औताच्या जुन्या जुवाची, रेघा टोकापासून टोकापर्यंत सरळ जाणारी फळी मामांनी निवडली. एकीच्या दोन केल्या. दुसरी वळचणीला टांगून ठेवली आहे.

२१ जुलै

बेंदूर झाला. पाऊस बरा आहे, माळ हिरवा झाला.

पात्यांचं काम मिटलं. तीन इंची पाती म्हणजे आपल्याकडं पंजाबातून येणाऱ्या कापणी-मळणी यंत्रांचंच माप, त्यामुळं सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. एक गोष्ट मात्र बघून घ्यावी लागते. धान्याच्या यंत्राच्या पात्यांना धारेवर करवतीसारख्या बारीक खाचा असतात. गहू-सोयाबीनची काडी वाळलेली, निसरडी, ती खाचेत धरून कापली जाते. गवत ओलं असतं. खाचेत रस आणि पान बसून धार बुजते, आणि खाचांची धार घरी लावता येत नाही. गवताला गुळगुळीत पाती हवीत. दुकानदारानं "सगळी सारखीच" म्हणून खाचांची दिली होती, ती परत केली. दुसऱ्या खेपेला गुळगुळीत पंचवीस आणली. भोकं अर्ध्या सुतानं सरकलेली निघाली, लेथवाल्याकडून नवी पाडून घेतली, आणि रिबिटा मी आणि लेकीनं अंगणात बसून ठोकल्या. ती खालून ऐरण धरायची, मी वरून हातोडी. संध्याकाळपर्यंत वीसच्या वीस.

वाकलेली बोटं लोहारानं तापवून सरळ केली. डोळ्यांच्या ओळीत सगळी बोटं एका रेषेत यायला हवीत, नाहीतर पातं एका ठिकाणी दाबून पळतं आणि दुसऱ्या ठिकाणी गवत चावतं. दोरी ताणून बघितलं. अकरावं बोट अजून जरा खाली आहे.

४ ऑगस्ट

जुळवणी. या यंत्रात दोन मापं चुकली तर बाकी सगळं फुकट जातं, म्हणून तपशिलानं लिहिते.

पहिलं: पातं एका टोकाला जाऊन थांबतं तेव्हा प्रत्येक पातीचं मधलं टोक बोटाच्या बरोबर मध्यावर यायला पाहिजे. दुसऱ्या टोकालाही तसंच. माझं दोन सूत बाहेर जात होतं, म्हणजे एका बाजूची काडी पूर्ण कापली जाणार आणि दुसरीकडची चिरडून वाकणार. दांडीच्या टोकाच्या वॉशर बदलून बसवलं.

दुसरं: पाच फुटी पट्टीचं बाहेरचं टोक उभ्या स्थितीत आतल्यापेक्षा सव्वा इंच पुढं हवं. चालताना गवताच्या रेट्यानं ते टोक मागं ढकललं जातं आणि मग पट्टी दांडीच्या सरळ रेषेत येते. आधीच सरळ ठेवली तर चालताना ती तिरकी होते आणि पातं घासून तापतं. आमचं टोक पाऊण इंच मागं होतं. बिजागराची खीळ इतकी झिजलेली. नवी खीळ लेथवर करून घेतली, एक इंच पुढं आली. सव्वा नाही आली.

१५ ऑगस्ट

बैलांवर चाचणी घेतली. मन लावून केलेलं काम बसलं नाही.

आमची खिल्लार जोडी चालीला जलद. मला वाटलं होतं घोड्याच्या चालीला पुरेल. बांधाकडेच्या मारवेलात घातली. पहिली तीस-चाळीस पावलं सुरेख गेली. दातेरी चाकांचा आवाज, पात्याची सरसर, आणि गवत मागं सपाट झोपलेलं. मग दाट गवत आलं, जुवावर ओढ वाढली, बैल मंद झाले. इथंच गोम आहे: पात्याचा वेग चाकाच्या वेगाला बांधलेला. बैल मंद झाले की पातं मंद होतं, पातं मंद झालं की गवत कापण्याऐवजी अडकतं, अडकलं की ओढ आणखी वाढते. तीन वेळा बंद पडलं. तिसऱ्या वेळी सर्जाला घाम फुटलेला बघितला आणि मी जू सोडलं. सोळा वर्षांचा बैल आहे तो. त्याच्याकडून हे काढून घ्यायचं नाही.

रात्री आबा म्हणाले, "भाऊबंद कशाला हाय मग?"

१ सप्टेंबर

सहा फुटी लोखंडी चॅनेलचा आखूड सोट करून यंत्र बी-२७५ च्या मागं जोडलं. ट्रॅक्टरवर आबा, यंत्राच्या बैठकीवर मी. पट्टी उचलायचा दांडा उजव्या हाताला, पायाखाली पायटा. दगड दिसला की पाय दाबून पट्टी उचलायची. दुसऱ्या गिअरला, इंजिन मंद ठेवून, घोड्याच्या चालीइतका वेग येतो. आबांना सांगून ठेवलंय की याहून जलद जायचं नाही, यंत्र त्या वेगासाठी ओतलेलंच नाही.

एक नियम घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावला. पात्यात गवत अडकलं तर आधी यंत्राचा खटका (पात्याची गती तोडणारा) सोडायचा, मग ट्रॅक्टर मागं घ्यायचा, मग उतरायचं, आणि हात न घालता काठीनं काढायचं. चाक अर्धी वीत जरी हललं तरी पातं धावतं. बोट गेल्यावर ते कळून उपयोग नाही.

१४ सप्टेंबर

माळावर चालून आले. मारवेलाला फुलोऱ्याची सुरुवात, कांड्यांना जांभळट झाक. पवन्या कंबरेला लागतो. कुसळी अजून पोटरीत आहे, फुलोरा बाहेर पडलेला नाही.

आईंनी मारवेलाची एक काडी मोडून चावून बघितली. "गोड हाय." अजून गोड आहे, हेच तर. फुलोऱ्याच्या सुरुवातीला या गवतात साधारण ६-७ टक्के प्रथिनं असतात. बी पिकून काडी पिवळी पडली की ३-४ टक्क्यांवर येतात, आणि जे उरतं त्यातलं बरंचसं पानात असतं, जे कापणीपर्यंत वाऱ्यानं गेलेलं असतं. कुसळीचं तर वेगळंच दुखणं. तिची कुसळं पिळदार, ओल लागली की फिरून आत घुसतात. जनावराच्या जिभेत, हिरडीत, मेंढीच्या लोकरीतून कातडीत. पोटरीत किंवा फुलोऱ्यात कापली तर तीच कुसळी बरी वैरण आहे.

२६ सप्टेंबर

तीन दिवस झाले, पाऊस. माळ चिंब. कापायचं नाव नाही.

२९ सप्टेंबर

उघडलं. हस्त लागलाय, आबा म्हणतात हत्ती अजून सोंड हलवणार. आमची भिस्त परतीच्या पावसावर, तो नको कसं म्हणणार? ज्वारीची पेर त्याच्यावर आहे. मोबाइलवर पाच-सहा दिवस कोरडे दाखवतो. पूर्वेकडून ढग नाही, सकाळी दव भरपूर, दुपारी ऊन चटका देणारं. जमीन भुसभुशीत असताना चाकं घसरतात आणि घसरली की पातं थांबतं, म्हणून अजून एक दिवस वाळू दिली.

सगळा माळ एकदम कापायचा नाही असं ठरवलं. जेवढं तीन दिवसांत वाळवून उचलता येईल तेवढंच पाडायचं. पहिला पश्चिमेचा एकर.

१ ऑक्टोबर

कापलं!

दव उडेपर्यंत थांबलो. दहा वाजता सुरू केलं. बांधाकडून आत, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, कारण पट्टी उजवीकडं आहे आणि उभं गवत उजवीकडंच राहायला हवं. पट्टीच्या टोकाला एक तिरकी फळी असते, ती कापलेलं गवत आत ढकलून हातभर रिकामी वाट सोडते. पुढच्या फेरीला ट्रॅक्टरचं चाक त्या वाटेनं जातं, गवत तुडवलं जात नाही. सत्तरऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी हा विचार करून ठेवलेला. बैठकीवर बसल्या बसल्या मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

चौथ्या फेरीला दगड. मी बघितला नाही. कडाड आवाज, दांडी मोडली. पेटीला ओरखडा नाही. सुतारमामांची दुसरी दांडी वळचणीतून आली, वीस मिनिटांत बसली. एक पाती तुटली होती, ती बदलायला जास्त वेळ गेला.

शेवटचा आठ-दहा फुटांचा पट्टा राहिला तेव्हा थांबलो. लेक आणि मी काठ्या आपटत त्यातून चालत गेलो. अपेक्षेप्रमाणं लावे होते, सात उडाले, एक ससा पळाला. बाहेरून आत कापत आलं की सगळी रानातली जीवं मधल्या पट्ट्यात गोळा होतात, म्हणून हे करायचंच.

मोडतोड धरून एक एकराला तीन तास. निव्वळ चालायचा वेळ एक तास चाळीस मिनिटं. गेल्या वर्षी याच एकराला चार बाया दोन दिवस विळ्यानं कापत होत्या.

आणि वास. संध्याकाळी सगळ्या वस्तीवर ओल्या मारवेलाचा वास पसरला होता. नोव्हेंबरच्या गवताला हा वास नसतो.

२ ऑक्टोबर

दव उडाल्यावर दाताळ्यानं उलटं केलं. आई, मी आणि शेजारच्या काकू. वरचं करकरीत, खालचं अजून हिरवं गार.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. आईंचे उपवास सुरू, त्यामुळं दाताळ्याला मी आणि लेक. दुपारी लांब ओळी केल्या. फार वेळ पसरून ठेवलं तर उन्हानं रंग उडतो आणि पान ठिसूळ होऊन गळतं. ओळीत आतल्या आत वारं खेळून वाळतं आणि हिरवेपण राहतं. आबांना हे पटत नव्हतं, त्यांच्या मते ऊन लागेल तितकं चांगलं. मी अर्धा गुंठा तसाच पसरून ठेवला, उद्या दोन्ही शेजारी ठेवून बघू.

४ ऑक्टोबर

वाळलं का ते बघायच्या तीन परीक्षा केल्या. मूठभर गवताचा पीळ देऊन बघितला: सात-आठ पिळांत काड्या तुटायला लागल्या. कांडं नखानं खरवडलं: साल सुटत नाही, ओल दिसत नाही. तिसरी मिठाची. कोरड्या काचेच्या बरणीत बारीक तोडलेलं गवत मूठभर आणि चमचाभर सुकं मीठ घालून दोन मिनिटं हलवायचं. मीठ सुटं राहिलं तर गवत रचायजोगं, काचेला चिकटलं किंवा गोळे झाले तर थांबायचं. मीठ सुटं राहिलं.

दुपारभर पेटीत गठ्ठे बांधले. पेटी घरचीच: जुन्या दाराच्या फळ्यांची, अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल, वर दाबायला तरफ. तळाशी दोन सुतळ्या टाकायच्या, गवत भरायचं, तरफेनं दाबायचं, पुन्हा भरायचं, बांधायचं. एक गठ्ठा सरासरी १४ किलो. आज ४१ झाले.

पसरून ठेवलेलं गवत आबांनी स्वतः उचलून आणलं, ओळीतल्याच्या शेजारी धरलं आणि म्हणाले, "उन्हातलं पांढरं पडलंय." बस, एवढंच.

५ ऑक्टोबर

पश्चिमेचा एकर संपला. एकूण ७८ गठ्ठे, साधारण १,०९० किलो. हिरवट, मऊ, पानासकट.

६ ऑक्टोबर

मधला एकर पाडला. दोन तास दहा मिनिटं. एकही मोडतोड नाही. पवन्याचा दांडा जाड आहे, पण पात्यांना कालच धार लावली होती. दगडावर धरताना घाई करायची नाही, पाती निळी पडली की तिचं पाणी गेलं.

८ ऑक्टोबर

दोन दिवस दुपारनंतर ढग. वाळणं रखडलं. जाड दांड्यात ओल आहे. मीठ चिकटतंय.

संध्याकाळी पूर्वेला विजा. मी चूक केली: भिजण्यापेक्षा जरा ओलं परवडलं असं म्हणून ३४ गठ्ठे बांधून गोठ्याशेजारी रचले. उरलेलं ओळीत राहिलं.

९ ऑक्टोबर

रात्री दीड तास पाऊस. ओळीतलं गेलं.

११ ऑक्टोबर

खंडेनवमी. औतं, विळे, खुरपी, पहार, बी-२७५ आणि नंबर नाईन. आबांनी यंत्राच्या पेटीला हळदकुंकू लावलं, पट्टीला झेंडूची माळ घातली. जू नसलेल्या परदेशी यंत्राला आईंनी औतासारखाच नैवेद्य दाखवला. पाऊस चालूच.

१४ ऑक्टोबर

८ तारखेच्या गठ्ठ्यांच्या थप्पीत पहार खुपसून ठेवली होती. पंधरा मिनिटांनी काढली तर हातात धरवत नव्हती. ताबडतोब थप्पी मोडली. मधल्या गठ्ठ्यांतून वाफ निघाली, काकवीसारखा गोडसर जळका वास. हा वास ज्यांना चांगला वाटतो त्यांनी सावध राहावं, ओल्या गवतातले जिवाणू आणि बुरशी आतल्या आत उष्णता तयार करतात, ती बाहेर जायला वाट नसली की वाढत जाते आणि गंजी आपोआप पेटते. कुणी काडी लावली म्हणून भांडणं झालेल्या काही आगी अशाही लागलेल्या असतील.

९ गठ्ठे आतून तपकिरी, पांढरी बुरशी. उकिरड्यात. २५ उघडून पुन्हा वाळवले. बुरशीचं गवत जनावराला घालायचं नाही, गाभण गाईला तर नाहीच. ते उधळताना स्वतःच्या नाकातोंडालाही फडकं बांधायचं.

८ तारखेला मला माहीत होतं. मिठानं सांगितलं होतं.

२१ ऑक्टोबर

नव्या थप्प्या. खाली दगड, त्यावर बाभळीच्या फांद्या, मग गठ्ठे, दोन थरांमध्ये वारं जायला फट. पहार गार.

४ नोव्हेंबर

हे दिवाळीला आले. गलाईच्या (सोनंचांदी गाळायच्या) धंद्यात तमिळनाडूत असतात, वर्षातून दोनदा घरी. मुलीनं हाताला धरून आधी यंत्राकडं नेलं. संध्याकाळी दोघांनी मिळून पूर्वेच्या उतारावरचे मोठे दगड हलवले, जायच्या आधी जमेल तेवढे. परवा निघतील.

१० नोव्हेंबर

पूर्वेचा अर्धा एकर विळ्यानं कापला. तिथं यंत्र घालायची माझी हिंमत नव्हती. कुसळी पुरती पिकलेली, कुसळं झडून जमिनीवर. सुमारे ४२० किलो काडी.

यावर युरियाची प्रक्रिया केली. १०० किलो वाळलेल्या काडीला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर देत शिंपडायचा, तुडवायचं, प्लास्टिकनं हवाबंद झाकायचं, २१ दिवस. युरियातून सुटणारा अमोनिया काडी मऊ करतो आणि नत्र वाढवतो. उघडल्यावर वास जाईपर्यंत पसरून ठेवायचं आणि थोड्या थोड्यानं सवय लावायची. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नाही. युरियाचं पाणी कुठल्याही जनावराच्या तोंडाशी येऊ द्यायचं नाही, बादली मी स्वतः धुऊन उलटी घातली.

१५ डिसेंबर

आता खरं मोजमाप. एकाच गाईला, तीन दिवस ऑक्टोबरचा मारवेल आणि तीन दिवस गेल्या वर्षीचं उरलेलं पिवळं गवत. दोन्हीकडं दिवसाला पाच किलो वजन करून घातलं, गव्हाणीत राहिलेलं उष्टं सकाळी तोललं. पिवळ्याचं रोज पावणेदोन ते दोन किलो राहिलं, सगळे दांडे. मारवेलाचं अर्ध्या किलोच्या आत. एक गाय आणि सहा दिवस, यावर मोठं काही बोलता येत नाही. तरी पाच किलोतलं पोटात किती गेलं ते मला तराजूवर दिसलं. सर्जाला दात कमी राहिलेत, त्याला मऊ गवतच जमतं. त्याच्या गव्हाणीत काहीच उरत नाही.

१२ जानेवारी २०२५

मधल्या एकराच्या जाड पवन्याची कुट्टी केली. आबांच्या वडिलांनी घेतलेलं हातचाकाचं यंत्र, चाकावर 'किर्लोस्कर' अशी ओतीव अक्षरं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात यंत्रं बनवायला सुरुवात केली ती कडबा कापायच्या यंत्रांनी आणि लोखंडी नांगरांनी, मग १९१० साली औंध संस्थानच्या माळावर, आताच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसली. आमचं गावही त्याच संस्थानातलं. चाक जड आहे, पण एकदा वेग आला की स्वतःच्या वजनावर फिरतं. पाती गुळगुळीतच! लेकीनं मला दाखवून दिलं.

२ फेब्रुवारी

शिल्लक मोजली. चार जनावरं, दिवसाला पाच किलो सुकं, नोव्हेंबर ते मे २१० दिवस, म्हणजे ४,२०० किलो हवं. माळानं चांगलं दिलं ते १०३ गठ्ठे, १,४४० किलो, अधिक प्रक्रियेची काडी ४२० किलो. बाकी मालदांडी ज्वारीच्या कडब्यावर. कडबा या महिन्यात निघेल आणि यंदा शेकड्यानं विकायचा नाही असं घरात ठरलं. २०१२-१३ च्या दुष्काळात आमची जनावरं चारा छावणीत उभी होती. आई तिथं झोपायला जायच्या. घरात वैरण असण्याची किंमत त्यांना कुणी सांगायला नको.

२३ फेब्रुवारी

पातं पट्टीतून ओढून काढलं, जुनं तेल फासून पोत्यात गुंडाळून आढ्याला टांगलं. पेटीतलं तेल बदललं, चाळणीवर लोखंडाचे कण नाहीत. अकरावं बोट लोहाराकडं दिलं. बिजागराची खीळ पुन्हा करायची आहे, उरलेलं पाव इंच मिळवायला हवं. सुतारमामांना तीन दांड्या सांगितल्यात.

९ मार्च

पलीकडच्या वस्तीवरचे नाना आले. त्यांचा पावणेदोन एकर माळ आहे, गेल्या वर्षी डिसेंबरात कापला. म्हणाले, "पुढल्या साली माझ्याबी रानात घाल की यंत्र. डिझेल देतो." मी म्हटलं, "नाना, डिझेलचं बघू. आधी तुमचं रान दाखवा."

दोघं चालत गेलो. पायाखाली मुरूम, आणि गवताच्या बुडख्यांत नारळाएवढे दगड. यंत्र घालायचं तर आत्ता, गवत नसताना, उन्हाळ्यातच वेचायला हवेत. नानांनी लगेच गाडी जुंपली. नाना, त्यांची सून, मी आणि लेक.

अंधार पडेपर्यंत दोन गाड्या दगड बांधावर गेले. खालची ताल अजून राहिली आहे, रविवारी पुन्हा जायचं.